मोडलेल्या लग्नाचे व्याही

टेंभुर्णीच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेले विनायक डोईफोडे सर लग्नात माईक हातात घ्यायचे, तेव्हा आचारी गॅस बारीक करायचे. "मुलाच्या मामांनी स्टेजवर यावं" एवढं साधं वाक्य सरांच्या तोंडून कधी निघतच नसे. आधी मामा हा शब्द, मग त्याचं मूळ, मग इतर भाषांतले त्याचे भाऊबंद, आणि सगळ्यात शेवटी प्रत्यक्ष मामा. तोवर प्रत्यक्ष मामा पान खायला बाहेर गेलेला असायचा.

हे लोक हसतात, हे सरांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून ते स्वतःच आधी सांगून टाकायचे. "माझ्या माईकमुळे जाफराबाद तालुक्यात निदान शंभर मुहूर्त हुकले असतील," असं म्हणून ते पहिले हसायचे. दुसऱ्यानं हसण्याआधी आपण हसून घेतलेलं बरं असतं, असा त्यांचा अनुभव होता. पण माईक सोडायचे नाहीत.

नात्यांच्या शब्दांत त्यांचा जीव होता, त्यातही लग्नानं जुळणाऱ्या नात्यांच्या. सासू ही मूळची श्वश्रू, सून ही स्नुषा, जाऊ ही यातृ, जावई हा जामातृ. मागे एका लग्नात 'मेहुणा' हा शब्द 'मैथुन'वरून आला, हे त्यांनी भर मांडवात सांगितलं. जुन्या भाषेत त्याचा अर्थ लग्नसंबंध एवढाच आहे, वाईट काही नाही, हे पुढचं वाक्य तोंडातून निघायच्या आत नवरीच्या भावानं माईकची वायर उपटली. 'नणंद' म्हणजे जिला कितीही करा, आनंद म्हणून होतच नाही ती, असं जुने जाणकार सांगतात, हेही सर एकदा बोलून गेले. त्यांची सख्खी बहीण केशरबाई पहिल्या रांगेत बसली होती. ती पुढची दोन वर्षं राखीला आली नाही. सरांच्या बायकोला, दैवशालाबाईंना, सरांच्या एवढ्या विद्येतली तेवढी एकच व्युत्पत्ती तोंडपाठ होती.

अशा या माणसाला एक शब्द काही केल्या सापडत नव्हता. आपली मुलगी ज्याच्या घरी दिली होती आणि आता ती त्या घरात नाही, त्या घरच्या बापाला काय म्हणायचं?

त्याची गोष्ट अशी. काही वर्षांपूर्वी सरांच्या एकुलत्या एक शिखाला बघायला मंठ्याहून शेजूळ मंडळी आली. मुलगा परमेश्वर, पुण्यात इंजिनिअर. त्याचे वडील लिंबाजीराव यांचं मंठ्यात बी-बियाण्याचं दुकान. पोहे येईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून लिंबाजीराव म्हणाले, "सर, आमच्याकडं याही म्हणतेत, तुमच्या पुस्तकात व्याही. खरं कोन्तं मनायचं?"

असा प्रश्न सरांना उभ्या आयुष्यात कुणी आपण होऊन विचारला नव्हता. वर्गातल्या पोरांनी तर नव्हताच नव्हता. त्यांनी 'वैवाहिक'पासून सुरुवात केली. विवाहानं जोडला गेलेला तो वैवाहिक, त्याचा झिजत झिजत व्याही झाला, आणि मंठ्यापर्यंत येताना आणखी झिजून याही. लिंबाजीराव पोहे खायचे थांबले आणि म्हणाले, "आन् मंग साडू?"

दैवशालाबाईंनी मुलांना गच्चीवर बोलायला पाठवलं होतं. मुलं खाली आली तेव्हा दोन्ही बाप साडू, मेहुणा आणि दीर पार करून पुढे गेले होते आणि सुपारी फुटली होती. मुलांना विचारलं नाही असं नाही. विचारलं, पण पेढा तोंडात कोंबून विचारलं.

लग्न झालं आणि सरांना स्वर्ग दोन बोटं उरला. टेंभुर्णीच्या आसपास मिरचीच्या बियाण्यासाठी शेडनेट उभे राहत होते, ते बघायला लिंबाजीरावांची चक्कर असायची. जीप फाटकाशी थांबली की आरोळी यायची, "ओ याही, निघा बाहीर! शब्द आणलाय!" कुणा शेतकऱ्याच्या तोंडून ऐकलेला एखादा जुना शब्द ते दुपारच्या जेवणाला घेऊन यायचे, दुसरे लोक मोसंबी आणतात तसा. मग जेवण व्हायचं, शब्द सोलला जायचा, भांडण व्हायचं, आणि "तुमच्यापेक्षा आमच्या दुकानातला कचरू शहाणा" असं म्हणून लिंबाजीराव निघायचे. हे सगळं व्याह्यांच्या थट्टेत बसणारं होतं. मुलगी पुण्यात काय करते, हे बोलायचं मात्र दोघांच्याही लक्षातून निसटायचं.

पुण्यात मुलं एकमेकांशी अतिशय सभ्यपणे वागत होती. एका घरातले दोन भाडेकरू वागतात तशी. मारझोड नाही, हुंडा नाही, सासुरवास नाही, कुणाकडं बोट दाखवावं असं काहीच नाही. एक दिवस दोघांनी मिळूनच सांगितलं की आम्ही वेगळं होतोय. राजीखुशीनं अर्ज झाला आणि राजीखुशीनंच निकाल लागला. त्या दिवशी कोर्टाच्या आवारात दोन्ही बाप एका लिंबाखाली उभे होते. दोघांनीही आपापल्या चपला बघितल्या. मग एक जण एका गाडीत बसला, दुसरा दुसऱ्या.

त्यानंतर फोन नाही, जीप नाही, शब्द नाही.

सरांचा हात फोनकडे जायचा आणि थांबायचा. फोन लावला तर पहिला शब्द काय उच्चारायचा? 'व्याही' म्हणावं तर ते खरं नाही. 'लिंबाजीराव' म्हणावं तर त्या घराशी आपलं काही नव्हतंच असं होतं. सरांनी स्वतःशी ठरवलं की आधी योग्य शब्द शोधू, मग फोन करू. शोध शिस्तीत सुरू झाला. कापड दुकानाचे नवलकिशोर शेठ म्हणाले, "आमच्यात ब्याईजी म्हणतात. तुटल्यावर काय म्हणतात, ते आमच्या म्हाताऱ्यांनी न्हाई सांगितलं." शिंपी ख्वाजामियाँनी सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं, "हमारे में समधी बोलते, सर. लेकिन रिश्ता टूटे बाद कौन बुलाता जी, जो नाम रखेंगे?" समधी म्हणजे संबंधी, हे सरांनी त्यांना तिथल्या तिथे समजावलं. ख्वाजामियाँनी मान डोलवली आणि सरांच्या पायजम्याचं माप पुन्हा घेतलं, कारण पहिलं विसरले होते.

"शब्द न्हाई म्हून अडलंय व्हय?" दैवशालाबाई एकदा ताटात भाकरी टाकत म्हणाल्या. "भेव वाटून राह्यलंय म्हना की सरळ. यवढाल्या पोथ्या कशाला काढता?"

सरांना राग आला, आणि राग आला म्हणजे ते खरं आहे हेही कळलं. त्यांना लिंबाजीरावांची भीती वाटत होती. त्यांनी फोन उचललाच नाही तर? उचलून "बोला सर" एवढंच म्हणाले तर? आयुष्यात उशिरा मिळालेला एकुलता एक मित्र पोरीच्या घटस्फोटात गेला, असं कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. लोक पोरीसाठी रडतात, हा बाप व्याह्यासाठी झुरत होता. सरांना स्वतःची लाजही वाटे आणि हसूही येई.

शिखा मात्र बापापेक्षा लवकर सावरली. छत्रपती संभाजीनगरला बँकेत लागली, तिथेच मयंक पांडव तिला भेटला, आणि या वेळी गच्चीवर कुणी कुणाला पाठवलं नाही. दोघांनी ठरवून मगच घरी सांगितलं. मुलाचे वडील सर्जेराव पांडव बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे आणि वजनदार, दोन्ही अर्थांनी. पहिल्या लग्नाचं सगळं त्यांना माहीत होतं. त्यांच्या भावकीला मात्र आणखी माहिती हवी होती. 'पहिलं का मोडलं' हा प्रश्न ती मंडळी चहाबरोबर बिस्किटासारखी बुडवून खात होती.

तारीख धरली आणि शिखानं विचारलं, "पप्पा, मंठ्याच्या मामांना बोलावणार ना?"

ती लिंबाजीरावांना अजून मामाच म्हणत होती. सासऱ्याला मामा का म्हणतात, याचं सरांकडे फार सुरेख उत्तर होतं. पूर्वी मामाच्याच घरी मुलगी द्यायचे, म्हणून सासरा आपोआप मामा. ते उत्तर संपलं तेव्हा समोर शिखा नव्हती, तिची रिकामी खुर्ची होती. पण प्रश्न ती ठेवून गेली होती. सरांनी सर्जेरावांना फोन करून आडवळणानं विचारलं. ते म्हणाले, "बघा तुमचं तुम्ही." या तीन शब्दांचा अर्थ सर दोन दिवस लावत राहिले. तिसऱ्या दिवशी दैवशालाबाईंनी कुंकवाची डबी आणि पत्रिका त्यांच्या पिशवीत घातली आणि त्यांना एसटीत बसवून दिलं.

जालन्याला गाडी बदलून सर मंठ्यात उतरले तेव्हा दुपार टळली होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कचरू पोती मोजत होता. लिंबाजीराव गल्ल्यावरून उठले आणि म्हणाले, "या सर."

याही नाही. सर. सरांना वाटलं, इथूनच परत फिरावं.

चहा आला. ऊन, पाणी, सोयाबीनचा भाव, शेडनेटला लागलेली कीड, सगळं बोलून झालं. पत्रिका पिशवीतच होती. शेवटी लिंबाजीरावच म्हणाले, "पोरीचं जमलं म्हनं. लई ब्येस झालं. माझ्या जिवावरचं वझं उतरलं बघा."

सरांनी घाईघाईनं पत्रिका काढली, कुंकू लावायचं विसरले, परत घेतली, कुंकू लावलं आणि दिली. "तुम्ही यायचं. वैनींना घेऊन यायचं."

लिंबाजीरावांनी पत्रिका दोन्ही हातांनी धरली. "यीन. पन सर, कोन म्हून यिऊ? लोक इचारतीन, हे कोन? तुमी सांगा, म्या काय सांगू?"

एवढंच म्हणायचं होतं की, आमचा माणूस म्हणून या. चहाची टपरी चालवणाऱ्या पोरालाही ते सुचलं असतं. सरांना सुचलं नाही. घाबरलेला माणूस आपल्या हुकमी गोष्टीकडे पळतो, तसे सर शब्दाकडे पळाले. "त्याचं असं आहे, की व्याही हा शब्द मुळात वैवाहिक. म्हणजे विवाहामुळे जो संबंधित..."

लिंबाजीरावांनी सगळं ऐकून घेतलं. पूर्वी ऐकायचे तसंच, मान जरा तिरकी करून. मग म्हणाले, "बराबर हाये. विवाह गेला, याही गेला. तुमच्याच हिशेबानं."

स्वतःच्याच व्युत्पत्तीनं चारी मुंड्या चीत झालेला माणूस मंठ्याच्या स्टँडवर बाकड्यावर बसला, गाडीत चढला, आणि त्याला 'आमचा माणूस' हे दोन शब्द जालना यायच्या वेळेला आठवले. भर गाडीत त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. शेजारचा म्हातारा म्हणाला, "पिशवी राह्यली का काय?"

"येतील का?" घरी दैवशालाबाईंनी विचारलं.

"बघू म्हणाले," सर म्हणाले. प्रत्यक्षात लिंबाजीराव तेवढंही म्हणाले नव्हते.

लग्न जाफराबादच्या एका मंगल कार्यालयात होतं. चैत्र संपत आला होता आणि पत्र्याच्या शेडखाली पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलत होते. मुलीच्या बापानं आज तरी माईक दुसऱ्याला द्यावा, असं झाडून सगळ्यांनी सुचवलं. सरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि माईक घेतला. दैवशालाबाईंनी एकच अट घातली. आज कुठलाही शब्द कुठून आला, हे सांगायचं नाही. सरांनी गळ्याची शपथ घेतली आणि शपथ पाळलीही. 'वरमाई' आणि 'करवली' हे दोन्ही शब्द त्यांनी गिळले, तेव्हा त्यांच्या घशाखाली आवंढा उतरताना लोकांना दिसला म्हणतात.

पण त्यांचे डोळे सकाळपासून फाटकाकडे होते. वाजंत्री आले, आचारी आले, केशरबाई आली आणि तिनं पहिल्याच रांगेत खुर्ची धरली. मंठ्याहून कुणी आलं नाही. सरांना मग मुहूर्ताचं काही वाटेना, वरातीचं काही वाटेना. पोरीचं लग्न आहे आणि आपल्याला आनंदच होत नाही, याचा त्यांना धक्का बसला. आपली तर पार नणंद झाली, असं त्यांच्या मनात आलं.

नवरदेव मारुतीच्या देवळातून वाजतगाजत आला आणि फाटकासमोर दोन्हीकडची मंडळी समोरासमोर उभी राहिली. आता व्याहीभेट. या भागात व्याहीभेट म्हणजे नुसतं गळ्यात पडून भागत नाही. फेटा बांधायचा, कुंकू लावायचं, नारळ द्यायचा आणि मग एकानं दुसऱ्याला उचलायचं. जो उचलतो त्याच्याकडचे लोक शिट्ट्या मारतात. सर्जेराव पांडवांचा देह बघून सरांनी ती आशा केव्हाच सोडली होती. सर्जेरावांनी फेटा बांधून घ्यायला मान वाकवली. बँडवाल्यानं कर्णा तोंडाला लावला. सरांनी माईक उचलला आणि त्याच क्षणाला सर्जेरावांच्या खांद्यावरून पलीकडे, अगदी मागं, त्यांना धुळीनं भरलेली जीप दिसली. तिच्यातून पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस उतरत होता.

"आता व्याहीभेट होत आहे," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज आनंदानं एकदम चढला. "मी आमचे व्याही, मंठ्याचे श्रीमान लिंबाजीराव शेजूळ यांना विनंती करतो की त्यांनी पुढं यावं!"

कार्यालयाच्या चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांनी ते नाव सगळ्या जाफराबादला ऐकवलं.

बँड वाजलाच नाही. सर्जेरावांनी वाकवलेली मान सरळ केली. दैवशालाबाईंनी डोळे मिटून घेतले. मुलाकडच्या भावकीत आधी कुजबुज उठली आणि मग ती कुजबुज राहिली नाही. "पहिला सासरा की ओ! त्याला बोलावलं इथं?" सरांच्या हातात माईक होता, डोक्यात दुनियाभरचे शब्द होते, आणि तोंडातून एक अक्षर फुटत नव्हतं. एका वाक्यात आपण नवा व्याही घालवला, जुन्याला भर लोकांत उघडं पाडलं आणि पोरीच्या लग्नाला दृष्ट लावली. अशी कामगिरी कुठल्याही मेहुण्याला वायर उपटून थांबवता आली नसती.

लिंबाजीरावांना मागच्या मागं जीपमध्ये बसता आलं असतं. ते क्षणभर थांबलेही. मग खांद्यावरचा टॉवेल नीट केला आणि दोन रांगांमधून सरळ चालत आले. सरांची नजर त्यांच्या पायांवर होती. आता ते कुठं उभे राहतात? मध्ये? की सर्जेरावांना नमस्कार करून परत? लिंबाजीराव आले ते सरांच्या डाव्या अंगाला, दैवशालाबाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले. मुलीकडच्यांच्या रांगेत. तिथून त्यांनी सर्जेरावांना हात जोडले.

"पाव्हनं, राम राम. म्या लिंबाजी शेजूळ. ही पोर दोन वर्सं आमच्या घरची सून व्हती. आमच्या घरातून कोर्टात गेली, म्हून मानसं काय काय इचारून राह्यलेत, म्या बी आयकलं. तवा सांगायलाच आल्तो. पोरीत काई खोट न्हाई. आमाला तिला ठिवून घेता आलं न्हाई, इतकंच खरं हाये." ते थांबले. सरांकडं बघितलं. "सरचं काई चुकलं न्हाई. नाव बराबर घेतलं त्याह्यनी. मुलीकडून पैली भेट माझीच हाये."

असं म्हणून त्यांनी पुढं होऊन सर्जेरावांना मिठी मारली आणि बियाण्याचं पोतं उचलावं तसं, कंबरेत वाकून, तो सगळा बांधकाम खात्याचा देह जमिनीवरून वर उचलला. "आजपसून तुमी माझे याही!"

सर्जेराव हवेत असताना आधी घाबरले आणि मग हसायला लागले. मोजकं बोलणारा माणूस हसतो तेव्हा त्याला थांबता येत नाही. मुलीकडच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या, त्यात केशरबाईची सगळ्यात मोठी होती. बँडवाल्याला कुणीतरी पाठीत बुक्की मारली आणि बँड वाजला. दाराशी पिवळ्या शालूत उभी असलेली शिखा तोंडावर हात धरून रडत होती. मग सर भेटले. त्यांनी सर्जेरावांना उचलायचा प्रयत्नही केला नाही. सर्जेरावांनीच त्यांना बखोटीला धरून वर घेतलं, तेव्हा सरांची चप्पल एकीकडं आणि माईक एकीकडं गेला.

अक्षता पडल्या. मुलाकडची पंगत बसली. सर्जेरावांनी लिंबाजीरावांना आपल्या शेजारी पाट दिला. लिंबाजीराव बसले नाहीत. सोबत आलेल्या बायकोला केशरबाईजवळ सावलीत बसवलं, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि बुंदीच्या लाडवांची परात उचलली. "मुलीकडच्यांनी आदी जेवावं का कुठं?" म्हणाले आणि पंगतीत वाढायला निघाले. आग्रह असा करत होते की भावकीतल्या त्या कुजबुजणाऱ्या काकांना तिसरा लाडू नाही म्हणता आला नाही. काका तोंड भरलेलं असल्यामुळे पुढं काही विचारूही शकले नाहीत.

पाठवणीच्या वेळी शिखा आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पडली, आणि मग लिंबाजीरावांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला मधेच धरलं. गाडी गेली तशी धूळ खाली बसेपर्यंत ते रस्त्यावरच उभे होते.

मग मुलीकडच्यांची पंगत. बसायला उरलं होतं कोण? दैवशालाबाई सुनसान झालेल्या खोलीत बसल्या होत्या, त्यांना भूक नव्हती. दोन्ही व्याही, किंवा जे काही असतील ते, रिकाम्या मांडवात शेजारी शेजारी मांडी घालून बसले. वरण गार झालं होतं, भाताचा गोळा झाला होता आणि वांग्याच्या भाजीत नुसता रस्सा उरला होता. सरांनी पहिला घास घेतला आणि त्यांना हुंदका आला. मुलीच्या बापानं रडायचा तो दिवस असतो, त्यामुळे आचाऱ्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. पण सर मुलीसाठी रडत नव्हते आणि ते लिंबाजीरावांना कळत होतं.

"शिखाला तेव्हा नीट विचारायला पाहिजे होतं," सर नाक पुसत म्हणाले. "ती गच्चीवरून खाली आली, तेव्हा तिच्या तोंडाकडं बघितलंच नाही मी. तुमचं साडूचं चाललं होतं ना."

"म्या बी परमेश्वरकडं न्हाई बघितलं." लिंबाजीरावांनी सरांच्या पानात आपल्या पानातला लाडू ठेवला. ते हसत होते आणि त्यांचे डोळे भरलेले होते. "लगीन तुमचं-माझंच जमल्तं, सर. नांदायला लेकरं धाडली आपण."